बलाका, बंदूक आणि दुर्बीण

काव्यशास्त्राच्या तासाला व्यंजनेचे प्रकरण निघाले की 'गाथासप्तशती'तील बलाकेची गाथा आल्यावाचून राहत नाही. कमळाच्या पानावर एक बलाका अगदी निश्चल उभी आहे. निर्मळ पाचूच्या पात्रात शंखशिंपला ठेवावा तशी ती दिसते, एवढेच एक तरुणी आपल्या सोबत्याला दाखविते. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त या गाथेवरून तर्काची एक साखळी उभी केली. बलाका हलत नाही, म्हणजे तिला भय नाही. भय नाही, म्हणजे आसपास माणूस नाही. माणूस नाही, म्हणजे जागा भेटीला योग्य. त्याने दुसराही एक अर्थ सुचविला आहे आणि तो आम्हाला अधिक गमतीचा वाटतो. तू येथे येऊन गेलास म्हणतोस ते खोटे, आला असतास तर हे पाखरू असे स्वस्थ उभे राहिले नसते, असे ती त्याला सुनावते आहे. या साखळीचे शेवटचे टोक आपण पिढ्यानपिढ्या शिकवीत आलो. तिची पहिली कडी मात्र काव्यशास्त्राची नव्हे. ती पाणवठ्यावर पाखरांकडे पाहत बसलेल्या कोणा माणसाची आहे.

हे आम्हाला वर्गात कधी जाणवले नाही. जाणवले ते बोर धरणाच्या काठी. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात हिंगणीच्या पुढे हा जलाशय आहे, आणि त्याच्या भोवती साग, सादडा, तेंदू, धावडा आणि बांबू यांचे पानझडी रान. एका जानेवारीत पहाटे आम्ही चार-पाच शिक्षक तेथे जाऊन उभे होतो. पाण्यावर धुके होते. उथळ कडेला एक पांढरा बगळा उभा होता आणि पुष्कळ वेळ त्याने पिसही हलविले नाही. आमच्यापैकी एकाला, नेमका त्याच क्षणी, खोकला आला. बगळा उडाला, त्याच्यामागे दोन टिटव्या ओरडत उठल्या आणि पाहता पाहता सारा काठ रिकामा झाला. मम्मटाची साखळी उलट्या बाजूने सिद्ध झाली. परतताना गाडीत बोलणे निघाले ते असे: आपल्या मुलखात पाखरांकडे पाहण्याचा इतिहास काय आहे? पाखरांवर लिहिण्याचा नव्हे. तो मुबलक आहे. प्रश्न पाहण्याचा आहे.

वर्धा जिल्ह्याचा इतिहास सांगावयाचा तर सगळेजण माणसांचाच सांगतात, आणि ते स्वाभाविकही आहे. नागपुरातून वेगळा काढून १८६२ साली हा जिल्हा झाला. १८६६ च्या सुमारास पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसले. हिंगणघाटच्या कापसाचे नाव लँकेशायरपर्यंत गेले. पुढे जमनालाल बजाज, विनोबा, मगनवाडी, १९३६ साली शेगावात येऊन राहिलेले गांधीजी, त्या शेगावचे १९४० मध्ये झालेले सेवाग्राम, आणि जुलै १९४२ मध्ये वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने केलेला तो ठराव, ज्याच्यातून 'छोडो भारत' निघाले. या इतिहासात पाखरू कोठे बसवावे?

एक जागा आहे, आणि ती थेट काँग्रेसच्या जन्माशी आहे. १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे भारतीय पक्षिशास्त्राचेही जनक मानले जातात. पाठ्यपुस्तकात पहिले ह्यूम भेटतात, दुसरे भेटत नाहीत. १८७२ पासून ते 'स्ट्रे फेदर्स' हे पक्षिविषयक नियतकालिक चालवीत. देशभर पसरलेले अधिकारी, डॉक्टर, अभियंते त्यांना पाखरांची कातडी, अंडी आणि टिपणे पाठवीत. ग्रंथासाठी जमविलेली त्यांची हस्तलिखिते नोकराने रद्दीच्या भावाने सिमल्याच्या बाजारात विकली आणि त्या धक्क्याने त्यांनी हा व्यासंगच सोडला. १८८५ सालीच त्यांनी आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्यात सुमारे ६३,००० कातडी आणि १९,००० अंडी होती. एकाच वर्षी एका हाताने काँग्रेस उभी करणारा आणि दुसऱ्या हाताने मेलेल्या पाखरांचे एवढे भांडार विलायतेस पाठविणारा हा माणूस शाकाहारी होता, थिऑसफीकडे वळलेलाही होता. त्यांच्याच संस्थेचे केंद्र अर्धशतकानंतर वर्ध्यास आले आणि तेथे अहिंसा हा राजकारणाचा शब्द झाला. इतिहासाला विनोदबुद्धी असते असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो.

ह्यूम यांच्या काळात पाहणे म्हणजे मारणे हेच होते, आणि त्यात कोणाला खंत वाटत नसे. दुर्बिणी अंधुक, लांबून पाहिलेल्या पाखरावर कोणी विश्वास ठेवीत नसे. ज्याचे कातडे हाती आहे तेच पाखरू खरे. विल्यम ब्लॅनफर्ड हे भूगर्भशास्त्रज्ञ नागपूर-चांदा भागात खडक आणि कोळशाचे थर तपासीत हिंडले आणि १८६९ मध्ये मध्य, पश्चिम व दक्षिण भारतातील पक्ष्यांवरची त्यांची टिपणे एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आली. खडकाचा तुकडा आणि पाखराचे कातडे एकाच पेटाऱ्यातून जात असे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे, म्हणजे लोकांच्या 'अजब बंगल्या'चे, क्युरेटर डी'अब्रू यांनी १९३५ मध्ये मध्य प्रांतातील पक्ष्यांची यादी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. वर्धा जिल्हा त्याच प्रांतातला. म्हणजे गांधीजी शेगावात येण्याच्या आदल्या वर्षी येथील पाखरांची यादी छापून झाली होती, इंग्रजी आणि लॅटिन नावांनी.

कातड्यावरची ही श्रद्धा किती योग्य आणि किती घातक, हे रानपिंगळ्याच्या कथेवरून कळते. १८७२ च्या डिसेंबरात ब्लुईट नावाच्या अधिकाऱ्याने त्याच मध्य प्रांताच्या पूर्व टोकाला, फुलझर भागात, एक लहानसे घुबड मारून ह्यूम यांच्याकडे पाठविले. ह्यूम यांनी पुढच्या वर्षी त्याला ब्लुईटचेच नाव दिले. त्यानंतर अवघे काही नमुने मिळाले. शेवटचा खानदेशातून, १८८४ मध्ये. मग शंभरावर वर्षे पाखरू गायब. मध्यंतरी रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात गुजरातेतून १९१४ साली मिळविलेला म्हणून एक नमुना निघाला आणि शोधणारे गुजरातेत शोधीत राहिले. पुढे पामेला रासमुसेन यांनी सिद्ध केले की ते कातडे ब्रिटिश म्युझियममधून चोरलेले, पुन्हा शिवलेले आणि खोटी चिठ्ठी लावलेले होते. ती चिठ्ठी बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या गावी गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा उघड्या फांदीवर बसलेला दिसला. नंतर तो मेळघाटातही सापडला. पाठचिकित्सा शिकविणाऱ्यांना ही कथा आवडावी. प्रक्षिप्त चिठ्ठी ओळखली आणि पाखरू परत मिळाले.

पण त्या ११३ वर्षांत सातपुड्यातल्या माणसांना हे पाखरू दिसतच असणार. दिवसा उजेडी बसणारे, मान वळवून पाहणारे घुबड रानात राहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. ते 'नाहीसे' झाले होते ते लिहिणाऱ्यांच्या जगातून. येथे या इतिहासाची खरी फट दिसते.

विदर्भात पाखरांना सर्वांत जवळून ओळखणारे लोक म्हणजे पारधी, गोंड, कोलाम, भोई. पारध्यांतील एका शाखेचे नावच फासावरून पडले आहे. तित्तिर कोठून येईल, लाव्याला कोणत्या शिळेने बोलवावे, पाणपाखरू कोणत्या वाऱ्यात खाली उतरते, हे ज्ञान पोटाशी बांधलेले होते. त्याला भाबडे रूप देण्याचे कारण नाही. ते शिकाऱ्याचेच ज्ञान होते. पण ह्यूम आणि ब्लॅनफर्ड यांचेही शिकाऱ्याचेच होते. फरक एवढाच की बंदूकवाल्यांची नावे पाखरांना मिळाली, आणि फासवाल्यांपैकी अनेकांची नावे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पोलिसांच्या वहीत गेली. तो कायदा १९५२ मध्ये उठला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ती आवश्यकच होती. परंतु ज्याची उपजीविका त्या दिवशी गुन्हा ठरली त्याच्याकडून त्याने जाणलेले लिहून घ्यावे, असे त्या वेळी फारच थोड्यांना सुचले.

आता सेवाग्रामकडे वळू. १९४२ मध्ये तेथे एक इंग्रज पाहुणा आला: होरेस अलेक्झांडर. जन्म १८८९, पंथाने क्वेकर, पेशाने शिक्षक. गांधीजींशी त्यांची ओळख १९२८ पासूनची, साबरमतीची. बंगालवरचे युद्धसंकट लक्षात घेऊन 'फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिट'चे पथक घेऊन ते भारतात आले होते. पुढे १५ ऑगस्ट १९४७ रोजी कलकत्त्यास बेलियाघाट्यात गांधीजींबरोबर जे मोजके लोक होते त्यांतही ते होते. गांधींच्या चरित्रांत अलेक्झांडर येतात ते समेट घडवून आणणारे मध्यस्थ म्हणून. पक्षिशास्त्राच्या इतिहासात ते येतात ते निराळ्याच कारणाने. पाखरू न मारता, केवळ त्याचा रंग, उडण्याची ढब, बसण्याची लकब आणि आवाज यांवरून ओळखावे, या पद्धतीचा इंग्लंडमध्ये ज्यांनी पाया घातला त्या पिढीतले ते एक होत. लहानपणापासून वही ठेवणारे तीन भाऊ होते, त्यांपैकी हे सर्वांत धाकटे. दिल्लीतील पक्षिनिरीक्षक मंडळ १९५० मध्ये स्थापन झाले ते त्यांच्याच पुढाकाराने. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव 'सेव्हंटी इयर्स ऑफ बर्डवॉचिंग' (१९७४). भारत सरकारने १९८४ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. १९८९ मध्ये, शंभरी ओलांडून, ते वारले. त्यांचा हा छंद कळला तेव्हा, पाखरे मारीत नसाल तर छंद चांगला आहे, अशा अर्थाचे काही गांधीजी बोलले असे सांगतात.

आम्हाला या भेटीत फार काही दडले आहे असे भासवावयाचे नाही. सेवाग्रामात ते पाखरे पाहावयास आले नव्हते. देश पेटण्याच्या बेतात होता. तरीही ह्यूम यांच्या बंदुकीपासून अलेक्झांडर यांच्या दुर्बिणीपर्यंतचे अंतर मोजावयाचे झाले तर एक खूण शेगावच्या त्या मातीच्या कुडांपाशी रोवावी लागते. येथे एक सोपा निष्कर्ष हाताशी येतो: अहिंसेने बंदूक खाली ठेवविली. तो आम्हाला मान्य नाही. बंदूक खाली गेली ती मुख्यतः दुर्बिणी सुधारल्या म्हणून, रॉजर टोरी पीटरसन यांच्या १९३४ च्या पुस्तकासारखी मैदानात नेण्याजोगी चित्रमय पुस्तके निघाली म्हणून, आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे कातडी आधीच जमून झाली होती म्हणून. सालिम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली आले. ते हाती घेऊन आज कोणीही निरुपद्रवी गृहस्थ बागेत पाखरे ओळखतो. पण त्या पुस्तकामागे संग्रहालयांतील हजारो मेलेली पाखरे आहेत. सालिम अली स्वतः नमुने गोळा करीत आणि त्याचे समर्थनही करीत. दुर्बिणीची अहिंसा बंदुकीच्या हिशेबावर उभी आहे, हे तिच्या भक्तांनी विसरू नये. आम्हीही त्यांतलेच.

मात्र एके ठिकाणी भूतदया आणि कायदा यांची गाठ लवकर पडली होती, आणि ती नेमकी बलाकेपाशी. विणीच्या काळात बगळ्याच्या पाठीवर येणारी तलम पिसे युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांसाठी सोन्याच्या तोलाने विकली जात. वसाहतीच्या वसाहती त्यापायी मारल्या गेल्या. त्याविरुद्ध इंग्लंडमध्ये १८८९ साली स्त्रियांनीच संघटना काढली, आणि १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. हालाच्या तरुणीने जिच्यावरून जागा निर्जन असल्याचे ताडले, तिच्यावर सातासमुद्रापलीकडच्या बाजाराची नजर होती. ती निश्चल उभी आहे म्हणजे तिला भय नाही, हे अनुमान मम्मटाच्या काळी निर्दोष असेल. विसाव्या शतकात ते तपासून घ्यावे लागले असते.

गांधीजींच्या परिवारात निसर्गाकडे बारकाईने पाहणारी माणसे नव्हती असे नाही. काका कालेलकर वर्ध्यास अनेक वर्षे होते. साबरमतीच्या तुरुंगातील झाडे, खारी, मुंग्या आणि पाखरे यांच्या सहवासाची त्यांनी लिहिलेली 'ओतराती दीवालो' ही पुस्तिका निरीक्षणाचा नमुना आहे. साताऱ्यास जन्मलेल्या या मराठी माणसाने ती गुजरातीत लिहिली, मराठीचे नशीब! तुरुंगाने आणखीही काहींना पाखरांकडे पाहावयास लावले. नेहरू डेहराडूनच्या तुरुंगात पक्ष्यांत रमत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावणीत अडकलेला जॉन बक्स्टन हा इंग्रज तेथील थिरथिऱ्यांचे तासन्‌तास निरीक्षण करीत राहिला आणि १९५० मध्ये त्यातून 'द रेडस्टार्ट' हे पुस्तक झाले. जाण्याला वाट नसली की माणूस जाणाऱ्या-येणाऱ्या पाखराकडे नीट पाहतो की काय? असो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने नयी तालीमचा अभ्यासक्रम आखला, त्यात निसर्गनिरीक्षणास जागा होती. सूतकताईची वही ठेवणाऱ्या मुलांनी पाखरांचीही वही ठेवावी असा प्रघात मात्र सार्वत्रिक झाला नाही.

येथून आमच्या, म्हणजे भाषेच्या विद्यार्थ्यांच्या, कामाला सुरुवात होते. पाखराची नोंद करावयाची तर नाव हवे. मराठीत नावे होती, पण कोशात त्यांची अवस्था केविलवाणी होती. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आमच्या भाषेचे अपार धन आहे. तरी त्यातही कितीतरी नावांपुढे अमुक एक प्रकारचा पक्षी, एवढाच अर्थ सापडतो. कोशकारांना शब्द मिळाला, पाखरू मिळाले नाही. उलट पक्षिशास्त्रज्ञांना पाखरू मिळाले, शब्द मिळाला नाही. आणि लोकांकडे दोन्ही होते. पावशा ओरडू लागला की तो 'पेरते व्हा' म्हणतो हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस मोठा, हा आडाखा खरा असो वा नसो, तो बांधण्यासाठी टिटवीचे जमिनीवरचे उघडे घरटे कोणीतरी पाहिलेले असलेच पाहिजे. चातक पावसाच्या तोंडावर येतो हे तर कवींनाही ठाऊक होते. तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या मागोमाग आफ्रिकेकडून येतो, हा पुढचा भाग दुर्बीणवाल्यांनी जोडला.

चक्रवाकाची गोष्ट अधिक बोलकी आहे. रात्री ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका घालणारी ही जोडी संस्कृत कवींनी इतकी वापरली की ती कविसमय म्हणून गणली गेली. हे बदक हिवाळ्यात विदर्भाच्या तलावांवर येते, बोरवरही दिसते. त्याची वीण होते ती लडाख-तिबेटच्या पठारांवर; येथे ते पाहुणे. रात्री-पहाटे ते चरावयास पांगते आणि पांगलेली पाखरे एकमेकांना आवाज देतात. कवीने ऐकले ते खरे होते. लावलेला अर्थ त्याचा स्वतःचा. कविसमय म्हणजे निव्वळ कल्पना, असे आपण परीक्षेत लिहून घेतो, ते म्हणून थोडे बदलावयास हवे. निदान काही कविसमय ही अर्धवट राहिलेली निरीक्षणे आहेत. के. एन. दवे यांचा संस्कृत साहित्यातील पक्ष्यांवरचा इंग्रजी ग्रंथ १९८५ मध्ये निघाला. आमच्या किती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत तो आहे, हे वाचकांनी आपापल्या ठिकाणी पाहावे.

मराठीत ही फट बुजविण्याचे मोठे काम एका वनाधिकाऱ्याने केले. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) सोलापूरचे. पण त्यांच्या नोकरीची महत्त्वाची वर्षे आणि पुढचे लेखन विदर्भाच्या रानांत घडले: नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा' या पुस्तकांनी मराठी ललित गद्यात पाखरांना पहिल्यांदा स्वतःचे वागणे दिले. ती कोणाच्या विरहाची किंवा शकुनाची प्रतीके राहिली नाहीत. आम्हाला त्याहूनही 'शब्दांचं धन' आणि 'पक्षिकोश' यांचे मोल अधिक वाटते. रानात राहणाऱ्यांकडून त्यांनी शब्द मागून घेतले, आणि जेथे नव्हते तेथे घडविले. पाखरे रात्री एकत्र जमतात त्या जागेला रातनिवारा, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्या-करकोच्यांच्या वीणवसाहतीला सारंगागार. त्यांतला पहिला शब्द आम्हाला दुसऱ्या दोहोंपेक्षा प्यारा, कारण तो कोठून आला हे विचारावेसेच वाटत नाही. त्यांच्या लेखनात अद्‌भुताकडे झुकणारा एक ओघ आहे, आणि ऐकीव व पाहिलेले यांची सीमारेषा तेथे कधी कधी पुसली जाते. शास्त्राच्या माणसांनी त्याबद्दल कुरकुर केली ती अगदीच अस्थानी नाही. पण ज्या भाषेत लिखित पाखरे जवळजवळ नव्हतीच, तेथे ही तक्रार दुसऱ्या पिढीने करावयाची असते. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह पाळला जातो. एक वन राखणारा मराठी लेखक, एक मुंबईकर शास्त्रज्ञ. मधले सात दिवस सरकारने बरे जोडले.

नोंद उशिरा सुरू झाली याचा हिशेब कोठे लागतो ते आता सांगतो. वर्धा जिल्ह्याच्या दक्षिणेला, हिंगणघाट-समुद्रपूरकडे, काळ्या मातीचा सपाट मुलूख आहे. त्याला लागून असलेल्या वरोरा-भद्रावतीच्या बाजूला या शतकातही मोजके माळढोक दिसत. माळढोकाला रान नको, माळ हवा. महसुलाच्या भाषेत माळ म्हणजे पडीक. पडीक हा शब्द एकदा दप्तरात चढला की ती जमीन कोणाची तरी वाट पाहत पडून आहे असा अर्थ होतो, आणि मग कपाशी, कारखाना, विजेच्या तारा, काहीही तेथे येऊ शकते. त्या माळावर कोण राहत होते हे सांगणारी मराठी वही कोणापाशी नव्हती. जंगलाला कायद्याने निदान जंगल म्हटले. माळाला नावच चुकीचे मिळाले.

गिधाडांचे दुःख याहून मोठे. वर्ध्याशेजारी नालवाडीस गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे, मांस यांतले काहीच वाया जाऊ नये आणि हे काम हलके मानले जाऊ नये, हा त्यामागचा विचार. त्याच काळात आंबेडकरी चळवळ महारांना सांगत होती की मेलेली ढोरे ओढण्याचे काम टाका, आणि तिचेही म्हणणे रास्त होते. गावाबाहेरच्या त्या जागेचा तिसरा वाटेकरी गिधाड. माणसांचे वाद चालू राहिले, गिधाड आपले काम करीत राहिले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते आकाशातून जणू पुसले गेले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले. जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. जटायूचे आख्यान शिकविणाऱ्या आम्हा लोकांना ती कमी झाल्याचे वर्तमानपत्रांनी सांगितले. गाय मेल्यावर गावाबाहेर किती गिधाडे उतरत, हा साधा आकडा एखाद्या प्राथमिक शिक्षकाने दरसाल लिहून ठेवला असता तर घसरण केव्हा सुरू झाली हे गावागणिक दाखविता आले असते.

बोरचे भाग्य त्या मानाने बरे. धरण १९६० च्या दशकात सिंचनासाठी झाले, पाखरांसाठी नव्हे. पाणथळ जागा त्यातून आपोआप घडली. १९७० मध्ये अभयारण्य, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. देशातल्या अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते आणि आता तेथे जाणारा जो तो वाघच मागतो. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग तेथे दोन सुरांत शीळ घालतो, स्वर्गीय नर्तक बांबूच्या बेटात आपली शुभ्र शेपटी नाचवितो, हिवाळ्यात हिमालयापलीकडून आलेले पट्टकादंब पाण्याच्या कडेने चरतात. वाघाच्या गाड्या त्यांच्याजवळून न थांबता जातात. आम्ही तक्रार करीत नाही; गाड्या थांबल्या तर बलाका उडेल.

वर्ध्यात पाखरांची वही ठेवणारी मंडळी आता आहेत. बहार नेचर फाउंडेशन या तेथील संस्थेच्या पुढाकाराने २०१८ साली शहरपक्षी निवडण्यासाठी नागरिकांचे मतदान झाले आणि नीलपंख निवडून आला. ज्या गावी देशाने ठराव केले त्या गावी पाखराला मते पडावीत, हे आम्हाला मनापासून आवडले. नीलपंख निवडून येणार हे उघडच होते म्हणा. तारेवर बसलेला असताना तो मातकट, दुर्लक्ष करण्याजोगा. पंख उघडले की दोन निळ्यांचा असा झगझगाट होतो की चालत्या सायकलीवरचा माणूस मान वळवितो. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात. वराहमिहिराने शकुनांच्या प्रकरणात ज्याची दखल घेतली तो चाष हाच.

त्या जानेवारीत परतीच्या वाटेवर, सेलूच्या अलीकडे, एका तारेवर तो बसलेला दिसला. आमच्याबरोबर एम. ए.ची एक विद्यार्थिनी होती. तिच्या हाती वही होती. नाव काय लिहू, तिने विचारले. एकाने चास सांगितले, दुसऱ्याने नीलपंख. गाडी चालविणारा आर्वीकडचा; तो म्हणाला, आमच्याकडे नीलकंठ म्हणतात. गाडी उभी करून तिने तिन्ही नावे लिहिली, पुढे वेळ लिहिली, आठ वाजून दहा मिनिटे, आणि तार कोणत्या खांबांमधली तेही.